घरच्या चित्रीकरणासाठी कोरी डिस्क कशी पारखावी

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात लग्नाची, मुंजीची, बारशाची ‘शूटिंगची कॅसेट’ असते, आणि प्रसंग २००० नंतरचा असेल तर सीडी किंवा डीव्हीडी. या चित्रीकरणाची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. चित्रपटाची डिस्क खराब झाली तर दुसरी मिळते. पणजीने पणतवाला पहिल्यांदा मांडीवर घेतले तो क्षण पुन्हा मिळत नाही. म्हणून जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेणाऱ्यांना त्या डिस्कवर राइट करून ठेवाव्याशा वाटतात, आणि दुकानात गेल्यावर ते एकच प्रश्न विचारतात: चांगल्या कंपनीची कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. डब्यावरचे नाव आणि आतल्या डिस्कचा टिकाऊपणा यांचे नाते बरेच सैल असते. डिस्क किती टिकेल हे तिच्यात कोणते पदार्थ आहेत, ती कोणत्या कारखान्यात बनली, आणि ती कोणत्या राइटरवर कशी लिहिली गेली, यावर ठरते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी विकत घेताना बऱ्यापैकी ओळखता येतात. तिसरी लिहून झाल्यावरच कळते, पण ती मोजता येते. माझे म्हणणे असे आहे की विश्वास या मोजणीवर ठेवावा, आणि डिस्क निवडतानाही ती नजरेसमोर असावी.

आधी डिस्कच्या पोटात काय असते ते पाहू. बाजारातून आणलेली चित्रपटाची डीव्हीडी साच्यातून छापलेली असते. तिच्यातले सूक्ष्म खड्डे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात. कोऱ्या सीडी-डीव्हीडीत असे खड्डे नसतात. तिच्यात पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर एका सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यामागे आरशासारखा धातूचा थर. राइटरचा लेसर त्या रंगद्रव्याला जागोजागी तापवतो. तापलेल्या जागी त्याची रचना कायमची बदलते आणि तिथून प्रकाश कमी परावर्तित होतो. वाचताना मंद लेसर हाच फरक टिपतो. सीडीवर या खुणांच्या ओळींमधले अंतर १.६ मायक्रॉन असते, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्लू-रेवर ०.३२. म्हणजे आपण जपतो ती वस्तू खरे तर एका रंगाच्या थरातला फरक आहे, आणि रंग उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने बदलतो. थरांची जागाही महत्त्वाची आहे. सीडीत धातूचा थर लेबलच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त लाखेसारखे पातळ आवरण असते. त्यामुळे खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरची बाजू खरवडली जाणे जास्त घातक ठरते. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि माहिती त्यांच्या मधोमध राहते, म्हणून वरून ती अधिक सुरक्षित असते. पण चकत्या जोडणारा गोंद कडेने सुटू लागला की हवा आणि ओल थेट आत पोहोचते. ब्लू-रेमध्ये माहितीवर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा थर असतो, म्हणून तिच्या पृष्ठभागाला वेगळे कठीण लेपन द्यावे लागले.

रंगद्रव्ये मुख्यतः तीन कुळांतली: सायनिन, अ‍ॅझो आणि थॅलोसायनिन. पहिली लिहिता येणारी सीडी जपानच्या तायो युदेन कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस सायनिन वापरून बनवली. सायनिन प्रकाशाला मूळचाच नाजूक, म्हणून त्यात स्थिरता देणारे घटक मिसळावे लागतात. मित्सुबिशीने अ‍ॅझो कुळ विकसित केले आणि ते व्हर्बॅटिम या नावाने विकले. थॅलोसायनिन स्वभावतःच स्थिर, पण ते प्रामुख्याने सीडीतच वापरले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या डिस्क तीव्र प्रकाशात आणि उष्ण-दमट कक्षात ठेवून त्यांच्यातल्या चुका कशा वाढतात ते मोजले. थॅलोसायनिन आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा परावर्तक थर असलेल्या सीडी त्यात सर्वांत स्थिर ठरल्या. कॅनडाच्या संवर्धन संस्थेच्या मार्गदर्शक पत्रकातही सोन्याचा थर आणि थॅलोसायनिन असलेली सीडी आयुष्याच्या बाबतीत सर्वांत वर आहे, १०० वर्षांहून अधिक. चांदीचा थर असलेल्या नेहमीच्या डीव्हीडी तिच्या बऱ्याच खाली आहेत. धातूचा प्रश्न किरकोळ नाही. चांदी उत्तम परावर्तक आहे, पण गंधकाशी तिचे जमत नाही. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्न इथल्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या अनेक संगीत सीडी पुढे कडेपासून तपकिरी पडत गेल्या, कारण त्यांच्यावरचा लाखेचा थर वेष्टनातल्या कागदातून येणाऱ्या गंधकयुक्त घटकांना अडवू शकला नाही. सोन्यावर असा परिणाम होत नाही. मात्र सोनेरी दिसणारी प्रत्येक डिस्क सोन्याची नसते. वरची छपाई सोनेरी असू शकते किंवा रंगद्रव्याच्या छटेमुळेही तसा भास होतो. परावर्तक थर सोन्याचा आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो नाही असेच धरावे.

आता कारखान्याकडे येऊ. कोऱ्या डिस्कच्या धंद्यात अनेक नावाजलेल्या कंपन्या स्वतः डिस्क बनवत नव्हत्या. त्या तैवानमधून किंवा भारतातून माल घेऊन त्यावर आपले नाव छापत. दिल्लीची मोझर बेअर ही १९८३ साली स्थापन झालेली कंपनी नोएडा आणि ग्रेटर नोएडाच्या कारखान्यांच्या बळावर जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. स्वतःच्या नावाने तर ती डिस्क विकत होतीच, इतर प्रसिद्ध नावांसाठीही बनवून देत होती. त्यामुळे भारतात परदेशी नावाचा महाग डबा आणि देशी नावाचा स्वस्त डबा यांच्या आत एकाच कारखान्याचा माल असणे अशक्य नव्हते. याच्या उलटही घडत असे. व्हर्बॅटिमच्याच नावाखाली अ‍ॅझो रंगद्रव्याची मूळ मालिका होती आणि सामान्य वापरासाठीची दुसरी स्वस्त मालिकाही. दुसऱ्या मालिकेत वेगळ्या उत्पादकाच्या तंत्राने बनलेला माल असे, आणि डब्यांवरचे नाव मात्र एकच. काळाने या नावांमागची माणसे आणि यंत्रेही बदलली. तायो युदेनने २०१५ अखेर हा धंदा सोडला आणि तिचे तंत्र तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेले. व्हर्बॅटिमचा व्यवसायही २०१९ मध्ये सीएमसीनेच घेतला. मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. पॅनासॉनिकने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन २०२३ च्या सुरुवातीला थांबवले आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणी ‘अमुक कंपनीची घ्या’ म्हणून दिलेला सल्ला आजच्या डब्याला लागू पडेलच असे नाही, याचे कारण हे आहे.

मग उत्पादक ओळखायचा कसा? प्रत्येक कोऱ्या डिस्कच्या आतल्या कडेला, लिहिण्याची जागा सुरू होण्यापूर्वी, एक संकेत कारखान्यातच कोरलेला असतो. राइटर तो सर्वांत आधी वाचतो, कारण या डिस्कवर लेसरची शक्ती किती ठेवायची आणि त्याचे ठोके कसे द्यायचे हे त्यालाही ठरवायचे असते. इम्गबर्नसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम हा संकेत पडद्यावर दाखवतो. मित्सुबिशीच्या तंत्राने बनलेल्या १६एक्स वेगाच्या डीव्हीडी प्लस आरवर ‘एमसीसी ००४’ असे दिसते, डीव्हीडी मायनस आरवर ‘एमसीसी ०३आरजी२०’. तायो युदेनच्या ८एक्स प्लस आरवर ‘युदेन०००’ पासून सुरू होणारा संकेत आणि सीएमसीच्या मालावर ‘सीएमसी मॅग’. म्हणून ५०चा डबा एकदम घेण्याऐवजी आधी थोड्याच डिस्क घ्याव्यात, त्यातली एक राइटरमध्ये घालून संकेत पाहावा आणि मगच मोठी खरेदी करावी. यावर रास्त आक्षेप असा की संकेत नक्कल करता येतो. तायो युदेनचे नाव चालत होते तेव्हा तिचा संकेत लावलेला बनावट माल बाजारात आलाच होता. शिवाय खऱ्या कारखान्याचा मालही एका खेपेत उत्तम आणि दुसऱ्या खेपेत बेताचा निघतो. रंगद्रव्याचा थर फिरत्या चकतीवर पसरवताना कडेला थोडा असमान झाला की बाहेरचा भाग कच्चा राहतो. आक्षेप खरा आहे. संकेतावरून वाईट माल बाजूला काढता येतो, पण चांगल्या मालाची हमी मिळत नाही. ती प्रत्यक्ष लिहिलेल्या डिस्कवरूनच घ्यावी लागते.

ती कशी घेता येते हे समजण्यासाठी डीव्हीडी आपल्या चुका कशा झाकते ते पाहायला हवे. कोणतीही डिस्क निर्दोष वाचली जात नाही. नव्या कोऱ्या डिस्कवरही चुका असतातच. म्हणून माहिती ३२ किलोबाइटच्या गटांत मांडतात. प्रत्येक गट आडव्या ओळी आणि उभ्या रांगांच्या तक्त्यात बसवतात, आणि प्रत्येक ओळीला व प्रत्येक रांगेला दुरुस्तीचे जादा आकडे जोडतात. गटात अशा २०८ ओळी होतात. एका ओळीतले ५ बाइट चुकले तरी ती ओळ स्वतःच सावरते. त्याहून जास्त चुकले तर उभ्या रांगांच्या आकड्यांवरून दुरुस्ती होते. मानकानुसार सलग ८ गटांत, म्हणजे १६६४ ओळींत, चुका असलेल्या ओळी २८० पेक्षा जास्त नसाव्यात. ही मर्यादा ओलांडली तरी चित्र लगेच अडखळत नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. भिंतीत ओल बरीच आत मुरेपर्यंत बाहेरचा रंग साबूत दिसतो, तशी डिस्क आतून बिघडत असताना पडद्यावरचे चित्र स्वच्छच असते. दुरुस्तीची ताकद संपते त्या क्षणी मात्र चौकटी फुटतात, आवाज तुटतो आणि प्लेअर तिथेच अडकतो. ‘काल तर चालत होती’ हे वाक्य त्यामुळे खरे असते, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. चालते की नाही हे पाहणे म्हणजे शेवटची घंटा वाजण्याची वाट पाहणे. पाहायचे असते ते चुकांचे प्रमाण. लाइटऑनच्या अनेक राइटरवर नीरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोलने, आणि लिनक्सवर क्यूपीएक्सटूलने, आतून बाहेरपर्यंतच्या चुकांचा आलेख काढता येतो. सगळे राइटर हे आकडे देत नाहीत. तुमचा देत नसेल तर वाचनाच्या वेगाचा आलेख पाहावा. चांगल्या डिस्कचा वेग आतून बाहेर सरळ चढत जातो. कुठे तो खाली कोसळत असेल तर तिथे राइटर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो आहे. ही तपासणी ज्या राइटरवर डिस्क लिहिली त्याहून वेगळ्या यंत्रावर केली तर जास्त अर्थपूर्ण ठरते, कारण स्वतःचे लेखन स्वतःला वाचता येणे ही फार सोपी परीक्षा आहे.

घरगुती माणसाने इतक्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याने प्रत्येक डिस्कचा आलेख काढावा असे मी म्हणत नाही. नव्या डब्यातल्या दोन-तीन डिस्क काठापर्यंत भरून लिहाव्यात आणि त्यांचा आलेख पाहावा. काठापर्यंत हे महत्त्वाचे, कारण बहुतेक दोष बाहेरच्या कडेकडे जास्त दिसतात. आलेख आतून बाहेर शांत राहिला, आकडे मर्यादेच्या बरेच खाली असले, तर तो डबा आणि तो राइटर यांची जोडी जमली असे समजावे. जोडी म्हणण्याचे कारण असे की डिस्क एकटी चांगली किंवा वाईट नसते. कोणत्या संकेताच्या डिस्कला लेसरचे ठोके कसे द्यायचे याची यादी राइटरच्या अंतर्गत प्रोग्राममध्ये साठवलेली असते. ओळखीची डिस्क तो नेमकेपणाने लिहितो. यादीत नसलेल्या डिस्कला सर्वसाधारण पद्धत लावतो. त्यामुळे एका राइटरवर सुंदर निघणारी डिस्क दुसऱ्यावर सुमार निघते. वेगाबद्दलचा एक समजही इथेच तपासून घ्यावा. सावकाश लिहिले की चांगले उमटते हे जुन्या सीडींच्या काळात बऱ्याच अंशी खरे होते. १६एक्स साठी बनवलेल्या डिस्कचे रंगद्रव्य मात्र वेगवान, शक्तिशाली ठोक्यांसाठी जुळवलेले असते. ती अगदी संथ लिहिली तर आलेख बिघडूही शकतो. कमाल वेग बाहेरच्या कडेला थरथर आणि चुका वाढवतो. १६एक्स डिस्क ८एक्सच्या आसपास लिहिणे हा चांगला मधला मार्ग आहे, पण तुमच्या राइटरवर तुमच्या डिस्कला कोणता वेग मानवतो याचा निर्णय दोन आलेखांच्या तुलनेनेच करावा.

वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यांचे काय? १०० वर्षे, ३०० वर्षे, १००० वर्षे अशा आश्वासनांमागे प्रत्यक्ष तेवढा काळ लोटलेला नसतो. ते शक्यही नाही. डिस्क ७०-८० अंश सेल्सियस उष्णतेत आणि प्रचंड दमटपणात काही शे तास ठेवतात, चुका किती वेगाने वाढतात ते मोजतात, आणि त्यावरून घरच्या तापमानाला किती काळ लागेल याचे गणित मांडतात. पद्धत शास्त्रीय आहे, तिची आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत. पण ८० अंशांवर जी रासायनिक क्रिया घडते तीच २५ अंशांवर मंद गतीने घडते हे तिचे गृहीतक आहे, आणि गोंद सुटणे किंवा बुरशी लागणे यांसारख्या गोष्टी त्या गणितात बसत नाहीत. एम-डिस्कच्या बाबतीत हे नीट दिसते. अमेरिकेतल्या मिलेनियाटा कंपनीने रंगद्रव्याऐवजी दगडासारखा अकार्बनी थर वापरून ही डिस्क आणली आणि १००० वर्षांचा दावा केला. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक इथल्या केंद्रात २००९ मध्ये ८५ अंश उष्णता, ८५ टक्के आर्द्रता आणि तीव्र प्रकाश अशी चाचणी झाली. तीत नावाजलेल्या इतर डीव्हीडी नापास झाल्या आणि एम-डिस्क टिकली. फ्रान्सच्या राष्ट्रीय मापन प्रयोगशाळेने मात्र ९० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत घेतलेल्या चाचणीत एम-डिस्क डीव्हीडी इतर चांगल्या डीव्हीडींपेक्षा फार काळ टिकली नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. प्रकाशाने रंगद्रव्य मरते, अकार्बनी थर मरत नाही. पण उष्णता आणि ओल प्लास्टिकवर, गोंदावर आणि धातूवरही हल्ला करतात, तिथे लिहिण्याचा थर कितीही कणखर असला तरी उपयोग मर्यादित. एम-डिस्क घेऊ नये असा याचा अर्थ नाही. ती घेतल्यावर निर्धास्त होऊन कपाट बंद करू नये, एवढाच आहे. मिलेनियाटा स्वतः २०१६ अखेर दिवाळखोरीत गेली हेही हजार वर्षांचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डिस्कच्या प्रकाराची निवड आपल्या चित्रीकरणाच्या आकारावरही अवलंबून आहे. मिनीडीव्ही कॅसेट संगणकात जशीच्या तशी उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर तासभर बसवायचे तर ते दाबून लहान करावे लागते आणि गुणवत्ता कायमची कमी होते. मूळ स्वरूपात ठेवायचे तर २५ जीबीची ब्लू-रे हवी. तिच्यावर जवळपास दोन तास मावतात. ब्लू-रे घेताना एक भेद जरूर पाहावा. तिच्या मूळ प्रकारात लिहिण्याचा थर अकार्बनी मिश्रधातूचा असतो. नंतर जुन्या डीव्हीडीच्या यंत्रसामग्रीवर स्वस्तात बनवता यावा म्हणून सेंद्रिय रंगद्रव्याचा दुसरा प्रकार आला आणि त्याच्या वेष्टनावर ‘एलटीएच’ अशी अक्षरे असतात. जपणुकीसाठी तो टाळावा. दोन थरांच्या ८.५ जीबी डीव्हीडी टाळाव्यात, कारण वरच्या अर्धपारदर्शक थरातून खालचा थर लिहावा लागतो आणि चुका वाढतात. पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या डीव्हीडी टाळाव्यात, कारण त्या पुसल्या जाण्यासाठीच बनवलेल्या आहेत. प्लस आर आणि मायनस आर यांतला जुना वाद आता फारसा उरलेला नाही. प्लस आरची रचना तांत्रिकदृष्ट्या थोडी सरस आहे, मायनस आर अगदी जुन्या प्लेअरवर अधिक चालते.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी हवामान ही डिस्कच्या कंपनीइतकीच मोठी बाब आहे. डिस्क थंड जागी, २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात अशी शिफारस आहे. पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता कित्येक आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. व्हीएचएस कॅसेटींवर पांढरी बुरशी कशी चढते हे तिथल्या लोकांना सांगायला नको. डिस्कही त्यापासून सुटलेली नाही: मध्य अमेरिकेतल्या बेलिझच्या उष्ण-दमट हवेत राहिलेल्या एका सीडीचे प्लास्टिक आणि धातू बुरशीने खाल्ल्याचे स्पॅनिश संशोधकांनी २००१ मध्ये नोंदवले होते. म्हणून डिस्क बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, कोरड्या आतल्या खोलीत, अंधारात, प्रत्येक डिस्क स्वतंत्र कडक केसमध्ये उभी ठेवावी. प्लास्टिकच्या मऊ पिशव्यांचे अल्बम दमट हवेत डिस्कच्या पृष्ठभागाला चिकटतात. वर कागदी स्टिकर लावू नये. त्याचा गोंद आणि असमान वजन दोन्ही घातक. नाव लिहायचे तर पाण्याच्या शाईचे मऊ टोकाचे पेन वापरावे आणि शक्यतो मधल्या पारदर्शक वलयावर लिहावे, कारण तिथे माहिती नसते.

सर्वांत मोठा आक्षेप अजून बाकी आहे. आज हार्ड डिस्क स्वस्त आहे, क्लाउड आहे, नव्या लॅपटॉपला तर डिस्कची खाचच नसते. मग ही मेहनत कशासाठी? या आक्षेपात बरेच तथ्य आहे आणि मी तो टाळत नाही. डिस्क हा एकमेव आधार असू नये. पण एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कचा एक गुण इतरांत नाही. तिच्यावरचे कोणी चुकून पुसू शकत नाही, संगणकातला विषाणू तिच्यातल्या फायली कुलूपबंद करू शकत नाही, विजेच्या झटक्याने ती जळत नाही आणि तिचे मासिक भाडे थकत नाही. हार्ड डिस्कचे यंत्र बिघडले की आतले सगळे एकदम जाते. वीस डिस्कांपैकी एक बिघडली तर बाकी एकोणीस राहतात. क्लाउडचे खाते ज्याच्या नावावर त्याच्या पश्चात ते उघडणे घरच्यांना किती कठीण जाते हेही विसरू नये. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर, एक डिस्कवर आणि शक्य असेल तर एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे, अशी वाटणी मला योग्य वाटते. परदेशात राहणाऱ्या मुलाकडे एक संच पाठवला तर हवामानही वेगळे मिळते. दोन संच करायचे असतील तर ते दोन वेगळ्या उत्पादकांच्या डिस्कवर करावेत, म्हणजे एका खेपेतला दोष दोन्ही प्रतींना एकदम लागणार नाही.

लिहिताना दोन स्वरूपे ठेवणे शहाणपणाचे आहे: टीव्हीवर पाहण्यासाठी नेहमीची डीव्हीडी, आणि जपण्यासाठी मूळ व्हिडिओ फायली जशाच्या तशा. फायलींच्या डिस्कवर सगळ्या फायलींचे चेकसम (फायलीच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) एका मजकुराच्या फायलीत घालून ठेवावेत. पुढे कधीही एखादी फाइल एका बिटानेही बदलली असेल तर ते लगेच कळते. डिस्क काठोकाठ न भरता थोडी जागा राखली तर डीव्हीडिझास्टर हा मोफत प्रोग्राम तिथे दुरुस्तीचे जादा आकडे भरून देतो, आणि उद्या काही भाग वाचता आला नाही तरी त्यावरून मजकूर परत उभा करता येतो. डिस्क फायनलाइझ करायला, म्हणजे लेखन पूर्ण करून ती बंद करायला, विसरू नये. टीव्हीला जोडलेल्या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेल्या कित्येक डिस्क केवळ हे राहिल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही प्लेअरवर उघडत नाहीत. पहिल्या दिवशी काढलेला चुकांचा आलेख साठवून ठेवावा आणि दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक डब्यातल्या काही डिस्क पुन्हा मोजाव्यात. आकडे दुपटी-तिपटीने वाढले असतील तर चित्र अजून स्वच्छ दिसत असले तरी त्या डब्यातले सगळे नव्या डिस्कवर उतरवण्याची वेळ आली असे समजावे. आणि कोऱ्या डिस्क बनवणारे कारखाने जसे कमी होत आहेत तसे राइटरही कमी होणार आहेत, तेव्हा यूएसबीने जोडता येणारा एक चांगला ब्लू-रे राइटर आताच घेऊन त्याच डब्याशेजारी ठेवावा, आणि तो चालतो आहे ना हेही त्या दोन-तीन वर्षांच्या तपासणीत पाहावे.